कारवारहून केलेली तार

कारवारला गेलेली माणसं शांत होऊन परत येतात, असं मला निघण्याआधी तिघांनी सांगितलं होतं. मी रागावून परत आले, आणि आज हे लिहायला बसले तरी तो राग पुरता उतरलेला नाही. ग्वाल्हेरच्या ज्या मैत्रिणींनी समुद्र पाहिला नाही त्यांच्यासाठी समुद्राबद्दलही लिहीन. तो वाईट नव्हताच. समुद्राशी माझं भांडण नाही.

त्या साली, म्हणजे छप्पन्नमध्ये, मध्य भारत हे आमचं राज्य संपलं होतं. त्याच्या आठ वर्षं आधी महाराजांचं राज्य संपलं, तेव्हा ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली माणसं महिनाभर हळू आवाजात बोलायची. या वेळी तेवढंही झालं नाही. राजधानी भोपाळला गेली, मोती महालातल्या कचेऱ्यांतून फायलींच्या पेट्या बैलगाड्यांवर चढल्या आणि स्टेशनकडे रवाना झाल्या. माझे यजमान दत्ताजीराव त्यातल्याच एका कचेरीत होते. आम्ही थाटीपूरला सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. मी रोज टांग्याने लष्करात मुलींच्या शाळेत गणित शिकवायला जायचे. बारा वर्षं शिकवत होते. आम्हाला मूलबाळ नाही. त्यामुळे नातेवाईक मला नेहमी सांगायचे, ‘तुझं काय, तू कुठेही राहू शकतेस.’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते कोणाच्या तोंडातून निघायच्या आधीच मला ऐकू येतं.

त्या वर्षी आमच्या शाळेतल्या अकरा मुलींनी पहिल्यांदाच मॅट्रिकला गणित घेतलं होतं. परीक्षा मार्चमध्ये होती. नाताळच्या सुट्टीत मी त्यांचे जादा वर्ग घेणार होते. पण यजमान म्हणाले, “विमल, लग्नाला पंधरा वर्षं झाली, आपण कुठे गेलोच नाही. वामन कधीचा बोलावतोय. दहा दिवस आराम करू.” वामनराव त्यांचे पुण्याच्या कॉलेजातले मित्र, कारवारच्या कोर्टात नोकरीला. मी म्हटलं, शाळा सोमवारी उघडते, आपण तर बुधवारी परत येणार. ते म्हणाले, “शाळेला मी कळवलंय.”

मला बरं वाटलं. नवरा आपल्या शाळेला आपणहून कळवतो, याचं मला कौतुक वाटलं. ते कौतुक आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो.

कारवार

गाड्या बदलण्याचं सांगत बसत नाही. हुबळीहून बसने घाट उतरलो, आणि एका वळणावर झाडांच्या खाली काहीतरी चमकलं. मला वाटलं पत्र्याची छपरं असतील. तो समुद्र होता.

आमच्याकडे पाणी म्हणजे तिघऱ्याचा बांध. पलीकडचा काठ दिसतो, काठावरची म्हैस दिसते. इथे पलीकडे काहीच नव्हतं. मी वाळूत उभी राहिले आणि पायाखालची वाळू लाटेबरोबर सरकली, तेव्हा मी मोठ्याने ओरडले. यजमान हसले आणि त्यांनी माझा हात धरला. रस्त्यावर, लोकांसमोर! ग्वाल्हेरला त्यांनी तो घरातही असा धरला नव्हता.

वामनराव गोल चेहऱ्याचे, बोलके. त्यांची पत्नी सुमतीबाई किडकिडीत, कमी बोलणारी, आणि बोलली की चूक काढणारी. पहिल्याच संध्याकाळी मी म्हटलं, “किती दमट लागून राहिलं आहे इथे.”

“लागून राहिलं आहे?” सुमतीबाई म्हणाल्या. “लागतंय म्हणा की. तुमच्या मराठीत हिंदीचं पाणी फार झालंय, वहिनी.”

आमचे पूर्वज दक्खनेतून घोड्यावर बसून उत्तरेला गेले, दीडशे-पावणेदोनशे वर्षं परमुलखात राहून आम्ही घरात मराठी टिकवली. त्याबद्दल कोणी पाठ थोपटावी असं नाही. पण निदान पाहुणचाराच्या पहिल्या ताटावर तरी चूक काढू नये. ताटात भात होता, आणि भातावर पुन्हा भात. आम्ही शिपाईगड्यांच्या घरचे, मटण आम्हाला नवं नाही, पण मासळी मी कधी चाखली नव्हती. बांगड्याचे काटे काढता काढता माझं निम्मं जेवण गार झालं. मग आल्या तिसऱ्या. मला वाटलं ही कसली तरी भाजलेली शेंग. मी ती शिंपल्यासकट चावली. दाढेत कडकन आवाज झाला आणि वामनराव हसून हसून ठसकले. सुमतीबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी स्वतः एक शिंपला उचलून आतला गर कसा काढायचा ते मला दाखवलं. सोलकढी मी तीन वाट्या प्याले. तिच्याबद्दल माझी कसलीही तक्रार नाही.

सदाशिवगड

दुसऱ्या दिवशी होडीतून काळी नदी ओलांडून आम्ही सदाशिवगडावर गेलो. गाव जुनं आहे. इंग्रजांनी इथे जवळच मिऱ्यांसाठी वखार घातली होती, असं वामनरावांनी सांगितलं. गड फार उंच नाही. ज्याने आमचा ग्वाल्हेरचा किल्ला पाहिला आहे त्याला ही टेकडीच वाटेल. पण वर देवीचं देऊळ आहे, पायथ्याशी दर्गा आहे, आणि वरून नदी समुद्रात मिसळते ती जागा दिसते. दोन रंगांची पाणी काही अंतर शेजारी शेजारी वाहतात आणि मग कुठे एक होतात ते कळत नाही. समुद्रात हिरवी बेटं दिसत होती.

“त्यातलं ते कासवाच्या पाठीसारखं आहे ना, ते कूर्मगड,” वामनराव म्हणाले. “उद्या तिथे जेवायला जायचं. सगळं रान आहे, एक नरसिंहाचं देऊळ, बाकी चिटपाखरू नाही.”

खाली उतरताना एका दुकानाची पाटी त्यांनी दाखवली. अर्धी देवनागरी, अर्धी कन्नड. कारवार नुकतंच मुंबई राज्यातून काढून म्हैसूर राज्याला जोडलं होतं. “आमच्या कोर्टात आता कन्नड हुकूम येतात,” वामनराव म्हणाले. “मी या वयात बाराखडी गिरवतोय. आपल्याला विचारतंय कोण, वहिनी? वर बसून कोणीतरी नकाशावर रेघ मारतं.”

“अगदी बरोबर,” यजमान म्हणाले, आणि मलाही ते पटलं. त्या दोघांच्या रागात मी माझाही राग मिसळला. तुमचं गाव कोणाला जोडायचं ते तुम्हाला न विचारता ठरतं, हा केवढा अन्याय, असं आम्ही तिघं नदीच्या होडीत बसून तावातावाने बोलत होतो. सुमतीबाई पाण्याकडे बघत होत्या. मला वाटलं, या बाईला कशाचंच काही नाही.

कूर्मगड

बेटावर धक्का नाही. होडी खडकांजवळ हेलकावत उभी राहते आणि लाट वर उचलते त्या क्षणी उडी मारायची. तिम्मा नावाच्या म्हाताऱ्या नाखव्याने “आता!” म्हटलं आणि मी एक लाट उशिरा उडी मारली. एक चप्पल समुद्राला गेली. नडगी खरचटली. यजमानांनी रुमाल बांधला आणि इतक्या मायेने बांधला की मी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला.

बेट म्हणजे नुसतं जंगल. पायवाटेवर ऊन उतरत नव्हतं. वेली झाडांवरून झाडांवर गेलेल्या, पडक्या तटाच्या दगडांतून मुळं बाहेर आलेली, आणि सगळीकडे ओल्या पानांचा वास. आमच्याकडचं रान काटेरी, उघडं, दुरून वाघ दिसावा असं. इथे हातभर अंतरावर काय आहे ते कळत नव्हतं. मी एका पायात चप्पल घालून देवळापर्यंत चढले आणि मला खरंच सुख वाटत होतं.

जेवण झालं. पानं गुंडाळली. वामनरावांनी पान लावता लावता सुरुवात केली, “वहिनी, समुद्र आवडला ना? भोपाळला पण मोठा तलाव आहे. अगदी समुद्रासारखा. तुमचं मन रमेल तिथे.”

“माझं मन भोपाळला कशाला रमायला हवं?” मी विचारलं.

वामनरावांचा सुपारीचा हात तसाच राहिला. यजमान म्हणाले, “विमल, माझी बदली झाली आहे. पंधरवड्यात हजर व्हायचं आहे.”

“ऑर्डर कधी आली?”

“दिवाळीच्या सुमारास.”

“म्हणजे दीड-दोन महिने. यांना माहीत होतं?”

वामनरावांनी मान खाली घातली. यजमान घाईने म्हणाले, “मीच त्याला पत्र लिहिलं. म्हटलं, तू समजावून सांग, ती तुझं ऐकेल. घरी सांगितलं असतं तर तू भांडली असतीस.”

तर मला समुद्र यासाठी दाखवला होता. वाळूतला हात, नडगीवरचा रुमाल, सगळं यासाठी. तरीही तोवर मी आवाज चढवला नव्हता. मी म्हटलं, “ठीक. तुम्ही पुढे जा. मुलींची परीक्षा झाली की एप्रिलमध्ये बघू.”

“शाळेचं मी बघितलंय.”

“बघितलंय म्हणजे काय?”

त्यांनी दुसरीकडे बघत सांगितलं. निघायच्या आदल्या दिवशी शाळेच्या कमिटीच्या चिटणिसांना त्यांनी माझा राजीनामा नेऊन दिला होता. पत्र त्यांनी लिहिलं होतं. खाली माझं नाव त्यांनी घातलं होतं आणि शेजारी स्वतःची सही केली होती. शनिवारी कमिटी बसणार, तो मंजूर होणार. आपण परत येईपर्यंत सगळं आपोआप झालेलं असेल, तुला त्रास नको.

रागावले की मला मराठी सुचत नाही. लहानपणापासून तसंच आहे, आमच्या लष्करातली निम्मी मराठी पोरं भांडतात ती हिंदीतच. मी उभी राहिले आणि ओरडले, “आपने मुझसे पूछा तक नहीं! मेरी नौकरी, मेरा नाम, और मुझसे पूछा तक नहीं!”

“हळू बोल, विमल.”

“किससे डरते हो? यहाँ कौन सुन रहा है?”

खरंच कोणी नव्हतं. मग यजमान बोलले ते मी इथे प्रामाणिकपणे लिहिते, कारण ते खरं होतं. म्हणाले, “मी एकटा तिथे काय करू? वीस वर्षांची नोकरी, आणि नव्या यादीत माझं नाव नागपूरकडच्या पोरांच्या खाली गेलंय. मागे कामासाठी भोपाळला गेलो तेव्हा एकाने मला ‘अहो, तुम्ही ग्वाल्हेरवाले’ म्हणून हाक मारली, नावसुद्धा विचारलं नाही. संध्याकाळी खोलीवर गेल्यावर कोणीतरी ओळखीचं हवं की नको?”

मला वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून राग कमी झाला नाही, उलट वाढला. जे दुःख हा माणूस दोन महिने माझ्यापासून लपवून बसला, तेच आता माझ्यासमोर ठेवून म्हणत होता की यासाठी तू आपलं सगळं दे. काल याच माणसाने होडीत बसून नकाशावरच्या रेघेवर दात-ओठ खाल्ले होते.

मी खडकांकडे उतरले आणि तिम्माला म्हटलं, “होडी काढ. मला पोस्टात जायचं आहे.”

तिम्माने समुद्राकडे बोट दाखवलं. पाणी ओसरलं होतं, खडकांची टोकं वर आली होती आणि मध्ये लाटा फुटत होत्या. “आता काढली तर फुटेल, बाई. पाणी चढू दे.”

“किती वेळ?”

“सूर्य तिथे येईपर्यंत.” त्याने दाखवलेली जागा फार खाली होती.

तारघर तोवर बंद होणार होतं. मी त्या खडकावर बसून तीन-चार तास समुद्र पाहिला. तुम्हाला वाचायला तो सुंदर वाटेल. माझ्या आयुष्यात मी एवढी निरुपयोगी गोष्ट पाहिली नाही. यजमान दोनदा खाली येऊन माझ्यापासून दहा हातांवर उभे राहिले आणि परत वर गेले. तिसऱ्यांदा सुमतीबाई आल्या. माझी उरलेली चप्पल मागे राहिली होती, ती त्यांनी माझ्या शेजारी ठेवली आणि म्हणाल्या, “मला यांनी तुमची बदली सांगितली होती. राजीनाम्याचं ठाऊक नव्हतं.” आणि परत वळताना, “ठाऊक असतं तर पहिल्याच दिवशी तुम्हाला सांगितलं असतं.”

तारघर

सकाळी मी ट्रंक भरली. आंघोळ करून बाहेर आले तर सुमतीबाई लुगडं बदलून, पायात वहाणा घालून ओसरीवर उभ्या. माझ्यासाठी त्यांनी आपल्या जुन्या वहाणांचा जोड काढून ठेवला होता.

“चला. पोस्टमास्तर माझा मावसभाऊ लागतो. वेळेच्या आधी खिडकी उघडायला लावते.”

वामनराव आतून म्हणाले, “सुमती, नवरा-बायकोच्या भांडणात आपण पडू नये.”

“तुम्ही पडलात तेव्हा नाही आठवलं?” त्या म्हणाल्या, आणि आम्ही निघालो.

मावसभाऊ कुरकुरत आला. मी कागदावर आमच्या मोठ्या बाईंचा, म्हणजे मुख्याध्यापिकांचा पत्ता लिहिला. मजकुरावर माझा हात अडला. खूप काही लिहायचं होतं, आणि तारेत खूप लिहिता येत नाही. शेवटी लिहिलं: ‘राजीनामा माझा नाही. मी लिहिलेला नाही. सोमवारी हजर होईन.’

पोस्टमास्तरांनी वाचलं आणि म्हणाले, “दोन वाक्यांचा अर्थ एकच होतो. एक काढलं तरी चालेल.”

“राहू दे दोन्ही,” सुमतीबाई म्हणाल्या.

बसस्टँडवर यजमान आले. दाढी केली नव्हती. म्हणाले, “एकटी जाशील? पुण्यात गाडी बदलायची, मुंबईत बदलायची. लोक काय म्हणतील?”

“तुम्ही पण चला ना मग.”

त्यांची रजा बुधवारपर्यंत होती, आणि ग्वाल्हेरला येऊन चिटणिसांसमोर उभं राहायचं धाडस नव्हतं. बस सुटली तेव्हा ते हात वर करून उभे होते. मी हात हलवला नाही. सुमतीबाईंनी खिडकीतून एक डबा दिला. घाट चढताना उघडला तर आत पोळ्या होत्या. भाताच्या त्या घरात बाईने पहाटे उठून माझ्यासाठी गव्हाच्या पोळ्या लाटल्या होत्या, जाड आणि वाकड्यातिकड्या. मी त्या खात खात रडले. कारवार सोडताना मी दुसऱ्या कशासाठी रडले नाही.

परत ग्वाल्हेर

रविवारी संध्याकाळी स्टेशनवरून तशीच मोठ्या बाईंच्या घरी गेले. त्या विधवा, साठीला आलेल्या, कोणाला न घाबरणाऱ्या. दार उघडताच म्हणाल्या, “तार मिळाली. काल मी ती घेऊनच कमिटीत गेले.”

“मग?”

“बस आधी. पाणी पी.” त्यांनी पाणी दिलं. “चिटणीस म्हणाले, राजीनामा यजमानांनी दिला आहे, तेव्हा मागे घ्यायचा तर यजमानांनीच पत्र द्यावं. बाईंच्या तारेवर कमिटीला काही करता येत नाही.”

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. नोकरी माझी, पगारपत्रकावर सही माझी, वर्गात खडू माझ्या हातात, आणि माझं ‘नाही’ मात्र चालत नव्हतं. बेटावर ओरडले होते तशी तिथे ओरडलेही नाही.

“उद्या ये,” मोठ्या बाई म्हणाल्या. “हजेरीपट माझ्या टेबलावर असतो. सही कर आणि वर्गावर जा. यजमानांचं पत्र नाही म्हणून तुला वर्गाबाहेर काढायचं असेल तर चिटणिसांनी स्वतः यावं. बघते मी.”

सोमवारी गेले. अकरा मुली होत्या. त्यांच्यापर्यंत बातमी आधीच पोचली होती. पहिल्या बाकावरच्या कुसुमने विचारलं, “बाई, तुम्ही जाऊन राहिलात ना?”

“नाही. पुस्तक उघड. प्रमेय बाविसावं.”

माझा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. दोन दिवस चिटणीस आले नाहीत.

बुधवारी रात्रीच्या जेवणाआधी यजमान घरी पोचले. नाक उन्हाने सोललेलं, हातात काजूची पिशवी. मी ताट वाढलं नाही. टेबलावर कागद, दौत आणि टाक ठेवला होता.

“बसा. मी सांगते तसं लिहा.”

“सकाळी लिहू.”

“आत्ता.”

ते बसले. मी सांगत गेले, ते लिहीत गेले. ‘माझ्या पत्नीचा राजीनामा मी तिला न विचारता, तिच्या नावाने लिहून दिला होता. तो तिचा नव्हता. तो रद्द समजावा.’

ते थांबले. “विमल, ‘न विचारता’ एवढं काढू का? चिटणीस ओळखीचे आहेत. ‘गैरसमजाने’ लिहितो.”

“गैरसमज कोणाचा झाला होता?”

त्यांनी टाक दौतीत बुडवला. मग, मान वर न करता, म्हणाले, “कोणाचाच नाही.” आणि खाली सही केली.

पुढे ते भोपाळला गेले. महिन्यातून एकदा शनिवारी येतात. त्या खोलीत त्यांना करमत नाही, हे मला पत्रांतून कळतं आणि वाईटही वाटतं. थाटीपूरचा क्वार्टर त्यांच्या बदलीमुळे सोडावा लागला, म्हणून मी लष्करातल्या दाना ओली या गल्लीत दोन खोल्या घेतल्या. खाली धान्याची दुकानं आहेत. अकरातल्या नऊ मुली पास झाल्या. दोघी नापास झाल्या त्या यंदा पुन्हा बसतील. त्यांना मी संध्याकाळी घरी बोलावते.

पण ते सगळं नंतरचं. त्या गुरुवारी सकाळी मी ते पत्र चिटणिसांच्या घरी घेऊन गेले. पाकिटात घातलं नाही. टांग्यात मांडीवर उघडं ठेवलं होतं, वरून हात दाबून धरला होता. टांगेवाल्याने वळून पाहिलं आणि विचारलं, “बाईजी, कोई सरकारी कागज़ है?”

“हाँ,” मी म्हटलं. “जल्दी चलो.”